टोकावरचं टोपण

ही गोष्ट मी तीसेक वर्षं टाळली. टाळायला फारसे कष्ट पडले नाहीत, कारण कुणी विचारतच नव्हतं. ज्याला विचारायचा हक्क होता, त्यानं तर कधीच विचारलं नाही. गेल्या महिन्यात त्यानं विचारलं, आणि मी खोटं बोललो. म्हणून आता लिहायला बसलो आहे.

आधी माणूस सांगतो. सदाशिव बडेकर. गाव पळसदरी, नोकरी रसायनीच्या एका कारखान्यात वायरमनची. मी त्याच कारखान्यात ऑफिस सुपरिंटेंडंट होतो. तिथे मी त्याला अरे-तुरे करायचो, लिहितानाही तेच येतंय. शेवटी सुधारेन.

बडेकरची खोड अशी की तो तुम्हाला काहीही सांगो, शेवटी विचारायचा, "पोचलं का?" आणि तुम्ही तोंडानं "पोचलं" म्हणेपर्यंत तेच वाक्य पुन्हा सांगायचा. मान हलवलेली चालत नसे. "हूं" चालत नसे. "कळलं रे बाबा" तर मुळीच नाही. "कळलं का ते इचारलंच नाय मी," तो म्हणायचा. "कळनं तुमचं तुमी बघा. पोचलं का, येवढंच सांगा."

खालापूर फाट्यावर कारखान्याची बस चहाला थांबायची. बडेकर चहावाल्याला सांगायचा, "दोन कटिंग, एक बिनसाखर. पोचलं का?" चहावाल्याच्या तोंडात तंबाखू. तो मान डोलवायचा. बडेकर पुन्हा, "दोन कटिंग, एक बिनसाखर. पोचलं का?" पुन्हा मान. तिसऱ्यांदा ऐकल्यावर चहावाल्यानं एकदा तंबाखू थुंकून सहा कटिंग आणि तीन बिनसाखर आणून आदळले. "आता पोचलं?" त्यानं विचारलं. बडेकर प्रसन्न झाला. "पोचलं!" म्हणाला आणि बसमधल्या लोकांना चहा वाटत सुटला.

त्याची बायको शेवंता एकदा माझ्या बायकोला म्हणाली होती, "वयनी, आमटीत मीठ कमी हाय येवढं ह्ये सांगत्यात, तर मला मीठ आनायच्या आधी 'पोचलं' म्हनावं लागतंय. नायतर आमटी गार होईस्तवर मीठ कमी, मीठ कमी, मीठ कमी."

ही खोड त्याला जन्मापासून नव्हती. ती त्याला कंप्युटरनं लावली.

त्या काळी आमच्या कारखान्यात तीन कंप्युटर आले होते. एक माझ्या ऑफिसात, एक प्रयोगशाळेत, एक स्टोअरमध्ये. तिघांची एकमेकांशी ओळख नव्हती. प्रयोगशाळेनं माल पास केला की तिथला माणूस कंप्युटरवर छापलेली चिठ्ठी घेऊन सायकलवरून स्टोअरला जायचा, आणि स्टोअरवाला तीच चिठ्ठी बघून आपल्या कंप्युटरवर पुन्हा तेच टाइप करायचा. यात कुणालाच काही विचित्र वाटत नव्हतं. सायकलला मात्र नवी ट्यूब लागायची.

हे तिन्ही जोडता येतील, असं बडेकरच्या डोक्यात आलं. मुंबईहून मशीन बसवायला आलेला इंजिनिअर एक इंग्रजी पुस्तक विसरून गेला होता. बारावी नापास बडेकरनं ते पुस्तक डिक्शनरी घेऊन सहा महिने वाचलं. बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, पाइपांच्या शिडीवर बसून. पुस्तकात तारेनं यंत्रं जोडणाऱ्या पहिल्या माणसांची हकीकत होती. ती माणसं त्याच्या अंगात शिरली. तो त्यांना "वरची मंडळी" म्हणायचा. वरची म्हणजे अमेरिकेची की देवाघरची, हे त्यानं नीट वाचलं नव्हतं. सर्वपित्री अमावास्येला आपल्या बापजाद्यांच्या पानाशेजारी त्यानं या मंडळींसाठीही एक पान वाढलं. तो इंजिनिअर पुन्हा आला तेव्हा बडेकरनं त्याला हे अभिमानानं सांगितलं. इंजिनिअर दचकला. "अहो, त्यातले बरेचसे जिवंत आहेत!"

बडेकर क्षणभर ओशाळला. मग म्हणाला, "मंग आयुष्य वाढलं त्यांचं."

या मंडळींची एक गोष्ट तो कुणालाही, कधीही सांगायचा. दोन गावांतले दोन कंप्युटर पहिल्यांदा तारेनं जोडले, तेव्हा एका बाजूनं पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द पाठवायला घेतला. शेजारी फोन धरून विचारत होते, पहिलं अक्षर आलं का? आलं. दुसरं आलं का? आलं. तिसऱ्याला मशीन बसलं. "दोनच अक्षरं!" बडेकर दोन बोटं दाखवायचा. "येवढी शिकलेली मानसं, आनि दोनच अक्षरं पोचली. पन त्यांनी काय केलं? कपाळाला हात लावून बसली नायत. नीट केलं, तासाभरानं परत पाठवलं, आक्खा शब्द गेला. तासाभरानं! पोचलं का?"

"पोचलं," आम्ही म्हणायचो.

"पोचलं का?" हे त्यानं तिथून उचललं होतं. तारेवर जे पाठवलं ते पलीकडे मिळालं, असं पलीकडचा सांगेपर्यंत पाठवणाऱ्यानं ते पाठवलेलं धरायचं नाही, हा त्यातला मुख्य नियम. दुसरा नियम असा की तार एकच, म्हणून एका वेळी एकानंच बोलायचं. दोघं एकदम बोलले तर दोघांनीही गप्प व्हायचं, मनात वेगवेगळे आकडे मोजायचे आणि मग पुन्हा सुरू करायचं. हा नियम त्यानं कँटीनमध्येही लावला. एकदा आचारी आणि युनियनचा सेक्रेटरी भाकरीच्या जाडीवरून हमरीतुमरीवर आले. बडेकर मधे पडला. "दोगं एकदम बोलताय. दोगं गप. आपापला आकडा मोजा." दोघांनी मोजला. दोघांचाही निघाला पाच. पुन्हा दोघं एकदम सुरू झाले. पुन्हा गप्प, पुन्हा मोजणं, पुन्हा एकदम. चौथ्या वेळी आचाऱ्यालाच हसू फुटलं, आणि भाकरी जाडच राहिली.

तिसरा नियम टोपणाचा. त्यासाठीच हा सगळा लेख.

तिन्ही कंप्युटर एकाच तारेवर माळेसारखे ओवलेले होते. एक टोक स्टोअरमध्ये, दुसरं माझ्या ऑफिसात. दोन्ही टोकांना एकेक टोपण लावावं लागायचं. बडेकरनं ती वर्कशॉपच्या लेथवर पितळेची करून घेतली होती, आत काहीतरी बारीक जोडकाम केलं होतं आणि वर अणकुचीदार खिळ्यानं "१" आणि "२" कोरलं होतं. माझ्याकडचं होतं "१". मी विचारलं, "याला पुढे काहीच जोडलेलं नाही, मग हे कशाला?"

"त्याच्यासाठीच, सायेब. टोक उघडं ऱ्हायलं का बोललेलं त्याच्यावर आपटून माघारी येतंय आनि मागून येनाऱ्या बोलन्यात घुसतंय. मंग कुनाचंच कुनाला ऐकू जात नाय. हे टोपन काय करतंय, बोलनं शांत करतंय. पोचलं का?"

"पोचलं," मी म्हणालो. पोचलं नव्हतं.

पहिल्या दिवशी प्रयोगशाळेतून स्टोअरला त्यानं "नमस्कार" पाठवायला लावला. इंग्रजी अक्षरांत. "एन ए एम ए" एवढं गेलं आणि बंद पडलं. बडेकर स्टोअरमधून पळत प्रयोगशाळेत आमच्याकडे आला. मला वाटलं रडेल. तो नाचत होता. "चार! वरच्या मंडळींची दोन, आपली चार!" संध्याकाळपर्यंत आख्खा नमस्कार पोचला. त्यानंतर चिठ्ठ्या बंद झाल्या. सायकल भिंतीला टेकून गंजली. मॅनेजरसाहेबांनी मुंबईच्या हेड ऑफिसला कळवलं आणि मोठे साहेब बघायला येतो म्हणाले. दिवस ठरला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. आदल्या दिवसापासून धुणं-पुसणं. जे जे पितळेचं निघण्यासारखं असेल ते काढून चिंचेनं घासायचं, चकाकलं की परत लावायचं. व्हॉल्व्हच्या मुठी, पाट्या, घंटा. ऑफिसच्या पूजेचा मान माझा. कंप्युटरचीही पूजा करायची ठरली. मी मोठ्या भक्तीनं त्याला पुढून-मागून पुसला, आणि मागच्या बाजूला ते टोपण दिसलं. काळवंडलेलं. पितळ काळं, आणि आज पूजा! मी ते अर्धा वळसा देऊन काढलं, समईबरोबर चिंचेनं घासलं, सोन्यासारखं झालं. परत लावायला निघालो तेवढ्यात आरतीला हाक आली. टोपण शर्टाच्या खिशात टाकलं. मग आरती, नारळ, पेढे, झेंडूच्या माळा. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी.

तिसऱ्या दिवशी मोठे साहेब माझ्या ऑफिसात खुर्चीत बसले होते. बडेकर स्टोअरमध्ये. त्यानं नमस्कार पाठवला. माझा पडदा कोरा. पुन्हा पाठवला. कोरा. साहेबांनी घड्याळ पाहिलं. इंटरकॉम वाजला.

"सायेब, तार ठीक हाय, मी बघत आलोय. तुमच्या टोकाचं टोपन हाय का तेवढं बघा."

कंप्युटरच्या मागे बघायचं म्हणजे मोठ्या साहेबांकडे पाठ करून टेबलावर ओणवं व्हायचं, वर झेंडूची हातभर जाड माळ. मी न बघता म्हणालो, "आहे."

"बगून सांगताय ना? पोचलं का?"

"पोचलं रे, आहे!"

आणि त्यानं पुन्हा विचारलं नाही. त्याच्या नियमात ते बसत नव्हतं. पलीकडचा "पोचलं" म्हणाला की विषय संपला.

अर्ध्या तासानं मोठे साहेब चहा न घेता उठले. मॅनेजरसाहेबांचा चेहरा पाहवत नव्हता. त्याच दुपारी हुकूम निघाला, बडेकरनं यापुढे कंप्युटरच्या तारेला हात लावायचा नाही. उद्यापासून नदीवरच्या पंपहाउसला ड्युटी.

संध्याकाळी घरी बायको माझा पूजेच्या दिवशीचा शर्ट भिजवत होती. तिनं मोरीतूनच विचारलं, "अहो, हे कुठल्या बाटलीचं झाकण खिशात घेऊन फिरताय?"

दुसऱ्या दिवशी मी अर्धा तास लवकर गेलो. मनाशी पक्कं ठरवून. टोपण लावायचं, आणि मॅनेजरसाहेब आले की सांगायचं. टोपण लावलं. स्टोअरच्या माणसाला पाठवायला सांगितलं. पडदा उजळला. नमस्कार, अख्खा. तेवढ्यात मॅनेजरसाहेब दारात उभे.

"दिघे, तुम्ही चालू केलंत?"

"नाही, म्हणजे तसं..." मी तोंड उघडलं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून जोरात हलवला. हात हलत असताना माणसाला खरं बोलता येत नाही, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो.

महिन्याभरात मी कंप्युटर विभागाचा प्रमुख झालो. मला त्यातली तीन बटणं माहीत होती. मोठे साहेब पुन्हा आले, त्यांनी नमस्कार पाहिला आणि चहा घेतला. पुढे कर्जतच्या शाळेनं मला "माहितीचे युग" या विषयावर भाषणाला बोलावलं. मी बडेकरची दोन अक्षरांची गोष्ट सांगितली. टाळ्या पडल्या.

बडेकर नदीवर बारा वर्षं होता, निवृत्तीपर्यंत. तक्रार कधी ऐकली नाही. रोज सकाळी दहाला त्याचा इंटरकॉम यायचा. "पंप चालू. पोचलं का?" मी म्हणायचो, "पोचलं." बारा वर्षं रोज, आमचं एवढंच बोलणं. तेवढ्यात आणखी एक वाक्य सहज मावलं असतं.

नवी यंत्रं आली तेव्हा जुनी तार भंगारात गेली. टोपण मी काढून घेतलं. तेव्हापासून ते माझ्या चष्म्याच्या डबीत असतं.

आता गेल्या महिन्याचं. आमच्या निवृत्त मंडळींनी कारखान्याची स्मरणिका काढायचं ठरवलं. तेव्हाचा टाइमकीपर म्हात्रे आता संपादक झालाय. त्यानं फोन केला, "दिघेसाहेब, तुमचा फोटो हवा. मथळा ठरलाय. कारखान्याच्या पहिल्या नेटवर्कचे जनक."

मी चष्म्याची डबी खिशात टाकली आणि रिक्षा करून पळसदरीला गेलो.

बडेकर पडवीत बसला होता. ऐंशीला आलेला, वाळलेला, पण आवाज तोच. शेवंता चार वर्षांपूर्वी गेली. त्याच्यासमोर टेबलावर भंगारातून आणलेला एक काळा फोन, एक बॅटरी आणि एक जाड वही. फोनची तार झाडाझाडांवरून वर डोंगरातल्या ठाकरवाडीत गेलेली. तिथे दुसरा फोन.

"मोबाइल नाहीत का त्यांच्याकडे?" मी विचारलं.

"हायत की. पन डोंगराआड रेंज नाय. खाली भाजी इकायला, कामाला येतात बायामानसं. वर जाईस्तवर घरच्यांच्या जिवाला घोर." त्यानं वही माझ्यापुढे सरकवली. रोजची तारीख, खाली उतरलेल्यांची नावं, प्रत्येक नावापुढे खूण. "जाताना हितं नाव सांगायचं. वर गेलं का गोमीबाई फोन करती. समद्यांच्या खुना झाल्या का मंग मी भाकरी खातो."

"आणि एखादा राहिला तर?"

"मंग वरची मानसं खाली येत्यात, आनि मी टॉर्च घेऊन वर. मधी कुठंतरी गावतोच. दोनदा गावलाय."

एवढ्यात फोन खरखरला. त्यानं कानाला लावून जोरात विचारलं, "कोन? मंगळी पोचली का? आनि बाळू? पोचला?" त्यानं खुणा केल्या. पलीकडून बाई काहीतरी ओरडली, ते मलाही ऐकू आलं. "आन् काका, तुमी जेवलाव का?"

"जेवतो गं. पोचलं."

त्यानं फोन ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "शेवंता गेल्यापासनं रोज इचारती. मी काय तिला सांगितलं नव्हतं इचारायला."

मग तो उठला आणि फळीवरून एक जुनी वही काढून घेऊन आला. "दिघेसायेब, तुमी आलाय तर एक काम व्हतं." पिवळी पडलेली पानं. एका पानावर तो दिवस होता. दसऱ्याचा दुसरा दिवस. पानभर बारीक अक्षरात तार बंद पडण्याची कारणं, जितकी माणसाला सुचतील तितकी. सांधा ढिला, पाणी शिरलं, उंदीर, कथलाचा डाग नीट बसला नाही. पुढच्या पानावर आणखी. तीस वर्षांत वेगवेगळ्या शायांनी लिहिलेली, वेगवेगळ्या शायांनी खोडलेली. सगळ्यांत वर, पहिल्या ओळीत, न खोडता: "ऑफिसचं टोपण. दिघेसाहेबांनी बघितलं. आहे." आणि पुढे ठळक खूण.

"ह्ये येवढं एकच पान उघडं ऱ्हायलंय माझं," तो म्हणाला. "माझं जोडकाम कुठंतरी चुकलं व्हतं. कुठं, ते गावत नाय. तुमी तर दुसऱ्या दिवशी चालू केलंत. मी तवाच शेवंताला म्हनलं, दिघेसायेब आपल्यापेक्षा हुशार निघाले. इचारीन इचारीन म्हनलं, पन नदीवरनं हापिसात येऊन इचारनं बरं नव्हतं. काय व्हतं हो त्यात?"

माझा हात खिशात होता. डबीवर. झाकण उघडलेलंही होतं, टोपण बोटाला लागत होतं.

"आठवत नाही रे, बडेकर," मी म्हणालो.

"असू द्या," तो म्हणाला. "वय झालं आपलं." आणि मलाच धीर देत वही मिटली. "गावंल कवातरी. वरच्या मंडळींचं तासाभरात गावलं, आपल्याला थोडा येळ लागतोय."

निघताना त्यानं आजच्या पानावर माझं नाव आणि मोबाइलचा नंबर लिहून घेतला. मी कर्जतला घरात पाऊल टाकलं तोच मोबाइल वाजला. "पोचलात का?"

"पोचलो," मी म्हणालो. त्या दिवसातलं माझं एवढंच खरं होतं.

त्या मंडळींची पहिल्या वेळी निदान दोन अक्षरं तरी पलीकडे गेली होती. माझं एकही गेलं नाही. पण त्यांनी पुन्हा पाठवलं, म्हणून मीही पाठवतो आहे. म्हात्रेला सांगितलं आहे, माझा फोटो नको, बडेकरचा मिळव, आणि हा लेख एक शब्द न कापता छाप. छापल्यावर पहिली प्रत पळसदरीला मी स्वतः घेऊन जाणार आहे, बरोबर टोपण. पण दारात गेल्यावर जीभ उचलेल याचा मला या वयात भरवसा नाही. म्हणून इथेच.

बडेकर, तुमचं जोडकाम कुठेही चुकलं नव्हतं. तार ठीक होती, सांधे ठीक होते, उंदीर नव्हता. एक नंबरचं टोपण माझ्या शर्टाच्या खिशात होतं. तुम्ही दोनदा विचारलंत आणि मी न बघता "आहे" म्हणालो. पहिल्या ओळीतली खूण तेवढी खोडा आणि ते पान मिटून टाका. मला माफ करा. यावर "पोचलं" म्हणायलाच हवं असं नाही.